दोन पीएससाठी साडेपंचवीस हजार

जूनमध्ये भिशी लागली. तीस हजार. घरात सांगायच्या आधी मी अंबाडी नाक्यावर मेकॅनिककडे जाऊन आलो. माझी पल्सर 150, 2012 चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेली, 28 हजारांना. हल्ली धूर मारायला लागली होती, म्हणजे इंजिन उघडायचंच होतं. मग म्हटलं, नुसतं बोअर-पिस्टन कशाला करायचं? 180 चा सेटच टाकू.

हे खूळ नाही, हिशोब आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. आणि तसा हिशोब होताही. त्या काळच्या 150 आणि 180, दोन्ही पल्सरचा स्ट्रोक एकच, 56.4 मिलिमीटर. फरक फक्त बोअरचा. 58 च्या जागी 63.5. साडेपाच मिलिमीटर म्हणजे काय, तांदळाचा एक दाणा. पण गोल भांड्याची रुंदी थोडी वाढली की आतली जागा वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणून 149 सीसीचं थेट 178 होतं. एवढ्याशा दाण्यात वीस टक्के. लहानपणी काकांच्या आरएक्स 100 वर पुढे टाकीवर बसून वज्रेश्वरीला गेलेला माणूस मी. 98 सीसी आणि 11 पीएस, पण चढाला ती गाडी जे खेचायची ते अंगात बसलंय. असल्या आकड्यांनी माझं डोकं फिरणारच.

मेकॅनिक पोरगा सरळ आहे. म्हणाला, "दादा, नुसता ब्लॉक टाकून भागणार नाही. क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करायला लागंल. आणि मग तुमचा क्लच किती दिवस टिकतोय ते बघा." त्याने सिगारेटच्या पाकिटावर आकडे लिहून दिले, ते मी घरी डायरीत उतरवले. ब्लॉक-पिस्टन सेट 5,800. हेडचं काम 2,500. लेथवाला 1,500. कार्ब्युरेटर 3,600, कारण इंजिन मोठं केलं तर पेट्रोलही त्या मापात लागणार. क्लच प्लेट 1,400, चेन-स्प्रॉकेट 1,900, गॅस्केट आणि ऑइल 1,100, मजुरी 4,500. सायलेन्सर 3,200, हा मी माझ्या हौसेने घातला. एकूण 25,500. गाडीच्या किमतीला जवळजवळ गाठलंच.

बदल्यात काय? कंपनीच्या कागदावर माझ्या गाडीची ताकद 15.06 पीएस, 180 ची 17.02. दोन पीएस. तेही कंपनीने बसवलेल्या इंजिनाचे, नाक्यावर बसवलेल्याचे किती भरतील ते देव जाणे. म्हणजे एक पीएस पावणेतेरा हजारांना पडतो. तरी मी तयार होतो, खोटं कशाला बोलू.

बायकोने डायरी वाचली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, यात ब्रेक कुठे आहेत?"

ती असं का म्हणाली ते सांगायला पाहिजे. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं भिवंडीहून येत होतो, संध्याकाळचे साडेसात, पाऊस. अनगाव सोडल्यावर पुढे कंटेनर होता, मी ओव्हरटेकला काढली. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. गाडी आडवी, आम्ही दोघं डांबरावर, आणि कंटेनरचं मागचं चाक तिच्या ओढणीपासून हातभर अंतरावरून गेलं. वर्षभर मी सगळ्यांना खड्ड्याची गोष्ट सांगतोय. खड्डा होताच, चांगला गुडघाभर. पण अर्धी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझा पुढचा टायर गुळगुळीत झाला होता आणि पावसात मी साठच्या वर होतो. त्यानंतर मनात घेतलं काय, तर गाडीला पिकअप कमी पडला! पिकअप असता तर कंटेनरच्या पुढे गेलो असतो आणि खड्डा लागलाच नसता. ही माझी अक्कल. साडेपंचवीस हजारांचा सगळा प्लॅन या वाक्यावर उभा होता.

मग कागदपत्रं बघायला बसलो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52: आरसी बुकात जी गाडी आहे तीच रस्त्यावर पाहिजे, तिच्या मूळ रचनेत स्वतःच्या मनाने बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आला. इन्शुरन्सचं आणखी वेगळं. थर्ड पार्टीचा 2022 पासूनचा दर 150 सीसीपर्यंत 714 रुपये, त्याच्या वर 350 पर्यंत 1,366. मी भरणार 149 चे आणि खाली धावणार 178. उद्या माझ्या गाडीखाली कुणी आलं तर विमा कंपनीच्या वकिलाला यापेक्षा सोपं काय पाहिजे? नाक्यावरच्या पोरांनो, तुमच्यातले निम्मे असल्या गाड्या घेऊन फिरताय, म्हणून हे जरा खुलासेवार लिहिलं.

तरी मन मानेना. म्हणून आठ दिवस घड्याळ लावलं. अंबाडी ते माणकोलीकडचं आमचं गोडाऊन, साधारण तीस किलोमीटर. दुगाड फाटा, अनगाव, कवाड, शेलार, नदी नाका, मग भिवंडी आणि पुढे. रोज एक तास दहा मिनिटांच्या आसपास. ताशी पंचवीस-सव्वीसचा सरासरी वेग. सायकलवाले यापेक्षा फार मागे राहत नसतील! सत्तरच्या वर काटा किती वेळ गेला, तर आठ दिवसांत एकदाही सलग दोन मिनिटं नाही. पंधरा पीएससुद्धा माझ्या रस्त्याला नीट लागत नाहीत. काँक्रीट झालंय तिथे गाडी जरा सुटते, की लगेच काँक्रीट संपतं, डांबर वीतभर खाली, आणि पुन्हा पहिला गिअर.

मग डायरीचं दुसरं पान काढलं. हे आधी कधी लिहिलंच नव्हतं, कारण हा खर्च आपण 'खर्च' धरतच नाही. गेल्या पावसाळ्यापासून पुढच्या शॉकअपचे ऑइल सील दोनदा, 1,400. रिमचा आऊट काढला, 1,200. कोनसेट 900. बेरिंग 450. मागचे शॉकअप 3,200. कंबरेचा डॉक्टर, एक्स-रे आणि गोळ्या, 2,400. चार खाडे, दिवसाला 600 प्रमाणे 2,400. बेरीज 11,950. हौस नाही, मौज नाही, दोन पीएस नाहीत, काही नाही. गाडी जशी होती तशी ठेवायला.

हा टॅक्स कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नाही. गाडी घेताना आपण आयुष्यभराचा रोड टॅक्स भरतो, पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये रस्त्यासाठीचा सेस भरतो, या रस्त्याने टोलही भरून घेतला आहे. 2019 साली खड्ड्यामुळे एक जीव गेला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, जुन्या लोकांना आठवत असेल. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. चांगलं झालं. निदान माणसाला किंमत आली. पण वाकलेल्या रिमला, बुडालेल्या खाड्याला, सकाळी उठताना धरणाऱ्या कंबरेला कोण भरपाई देणार? त्यासाठी आधी मरायला किंवा निदान हाड मोडायला लागतं.

कुणी म्हणेल, मग एसटीने जा ना. सकाळी सहाची शिफ्ट धरायला मला पाच वाजता एसटी पाहिजे, ती मिळाली तरी भिवंडीत उतरून पुढे रिक्षा. महिन्याचा हिशोब करून बघा. कुडूस, अंबाडी, वज्रेश्वरी पट्ट्यातली हजारो पोरं गोडाऊनला आणि लूमला दुचाकीवर जातात ती हौसेने नाही.

शेवटी काय केलं? पुढचा-मागचा टायर नवा. डिस्क पॅड, मागचे ब्रेक शू. धूर बंद करायला 150 चंच बोअर-पिस्टन, कंपनीच्या मापातलं. सगळं मिळून साडेतेरा हजार गेले. मेकॅनिक थोडा हिरमुसला, त्यालाही 180 चा प्रयोग करून बघायचा होता. गाडी आता पूर्वीसारखी खेचते. कंटेनरच्या मागे आता मी मागेच राहतो, गोडाऊनला दोनदा लेटमार्क लागला.

उरलेल्यातले दहा रुपये कोर्ट फी स्टॅम्पला गेले. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय: अंबाडी ते नदी नाका या टप्प्यात गेल्या तीन वर्षांत खड्डे भरायला किती खर्च झाला, कुठल्या किलोमीटरला, कुठल्या तारखेला, आणि त्या कामाची दुरुस्तीची जबाबदारी किती काळ कुणाची होती. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो, नाही आलं तर अपील.

तोपर्यंत या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी एक काम करा. पावसाळ्यापासूनची गॅरेजची बिलं शोधा, दवाखान्याचीही, आणि नुसती बेरीज खाली लिहा. कुठून कुठे जाता तेही. माझी 11,950, अंबाडी ते माणकोली.