हंसणें आणि शिकणें

परभाषा कशी आत्मसात करावी, असें विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात. व्याकरण, शब्दकोश आणि नित्य वाचन, असें ठराविक उत्तर आम्ही तीस वर्षें देत आलों. त्या उत्तरांतील उणीव आमच्या ध्यानांत आली ती ग्रंथालयांत नव्हे, तर वेल्ह्याहून केळदकडे जातांना लागणाऱ्या पासली गांवीं, भर पावसांत. आणि तीहि आमच्या मातृभाषेच्याच निमित्तानें.

भाताची लावणी चालली होती. बांधावर उभे राहून आम्हीं एका वृद्ध बाईस विचारलें, "आजीबाई, यंदा रोप कसें आहे?"

"झ्याक हाय. औंदा राब चांगला भाजला व्हता," त्या म्हणाल्या.

राबणें हें क्रियापद आम्हांस ठाऊक, तेव्हां राब म्हणजे कष्ट असा अर्थ लावून, "कष्ट कसे भाजतात?" असा प्रश्न आम्हीं मोठ्या गांभीर्यानें केला. खाचरांतील सगळ्या बाया हंसूं लागल्या. मग त्यांतील एकीनें समजावून सांगितलें कीं, उन्हाळ्यांत जमिनीवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या जागेंत भाताचें रोप वाढवितात, तोच राब. आम्ही ओशाळलों खरे. पण तो शब्द आतां जन्मांत विसरणार नाहीं.

परततांना फादर स्टीफन्स यांचें स्मरण झालें. हे इंग्लिश जेझुइट पाद्री १५७९ मध्यें, वयाच्या तिशीच्या सुमारास, गोव्यास आले. त्यांनीं लोकांची बोली शिकून कोंकणीचें व्याकरण रचलें; तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्यें छापलें गेलें. मराठींत त्यांनीं 'क्रिस्तपुराण' लिहिलें; दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ मध्यें प्रसिद्ध झाला. तो छापला गेला रोमन लिपींत. परंतु छंद अस्सल येथलाच, आणि स्वर्गास शब्दहि वैकुंठ हाच. आगमन आणि ग्रंथ यांत सदतीस वर्षांचें अंतर आहे. त्या काळांत ते कधीं चुकले नसतील किंवा त्यांस कोणी हंसलें नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

व्याकरण निरुपयोगी आहे, असें नव्हे. तें तर स्टीफन्स यांनींहि लिहिलें. परंतु त्यांनीं तें बोली कानीं पडल्यावर लिहिलें. आम्ही मात्र मूल बोलूं लागण्याआधींच तें त्याच्या हातीं देतों. तीस वर्षें आम्हीं मुलांच्या इंग्रजी वाक्यांखालीं तांबड्या रेघा ओढल्या. कित्येकांनीं पुढें वर्गांत इंग्रजी बोलणेंच सोडलें, आणि आम्ही त्यास आळस समजत होतों! पासलीच्या बाया आम्हांस हंसल्या. पण हंसून झाल्यावर त्यांनीं शब्द दिला. आम्हीं नुसती रेघ दिली.

यापुढें कोणी विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन आला, तर प्रथम त्यास बोलूं द्यावें आणि खुशाल चुकूं द्यावें, असें आम्हीं ठरविलें आहे. व्याकरण पाठोपाठ येईलच.