उतारावरील घर

आमचे तेल्हारा गाव सपाट काळ्या भुईचे. उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसते खरी. परंतु गावात उतार म्हणून पाहावयाचा तो मोरीचाच. अशा भुईवर ज्याचे उभे आयुष्य गेले त्याने डोंगरावरील घराचा आराखडा करावा, हे धाडसच होय. ते माझ्या हातून घडले. आणि त्यात काय चुकले ते सांगणे मी कर्तव्य समजतो.

आमच्या पुतण्याने चिखलदऱ्यास एक जागा घेतली. माझ्या वडील बंधूंस, म्हणजे दादांस, वऱ्हाडातील वैशाख सोसवेनासा झाला होता. त्यातून गुडघेही धरलेले. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंच. हैदराबाद कंटिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली तेथे पोहोचला, आणि पुढे ते वऱ्हाडचे थंड हवेचे ठिकाण झाले. दादांची मागणी एवढीच, की मोटारीतून उतरावे आणि पायरी न चढता खोलीत जावे.

जागा ६० फूट रुंद व १०० फूट लांब. सडक खालच्या अंगास. तेथून वरच्या बांधापर्यंत चढ ३२ फूट, म्हणजे तीन फुटांस सुमारे एक फूट. दरी दिसावी म्हणून पुतण्यास घर माथ्यावर हवे होते. मी हिशेब मांडला. शेवाळलेल्या वाटेवरूनही मोटार चढावी, तर आठ फुटांस एक फुटाहून अधिक चढ ठेवू नये. या प्रमाणाने ३२ फूट चढण्यास २५६ फूट वाट हवी. रुंदी तर अवघी ६०! वळणावळणाने वाट नेली, तर प्रत्येक वळणास मोटार फिरण्याजोगी सपाटी पाहिजे. वाट मांडून होताच घरास जागा उरेना. तेव्हा घर खाली आणले. ४८ फूट तिरकी वाट, तिचा चढ ६ फूट, आणि तिच्या शेवटी घर. शेजारच्या गाविलगडावर डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज चालून गेले, तेव्हा स्टीव्हन्सनच्या फौजेस डोंगरात स्वतः रस्ता पाडीत तोफा न्याव्या लागल्या, हे मी मुलांना शिकविलेले होते. डोंगरावर आधी वाट, मग बाकी सारे, असे मी पुतण्यास मोठ्या ऐटीत सांगितले.

घर ३० फूट लांबीचे व एकाच पातळीवर हवे. म्हणून मागे डोंगर १० फूट उभा कापला आणि त्यास दगडी भिंत घातली. आराखडा पाहून वहिनींनी विचारले, "भाऊजी, वरचे पाणी कोठून जाणार?" मी म्हणालो, "वहिनी, भिंत आहे ना!"

आषाढाच्या एका रात्री ती भिंत आडवी झाली. जोत्यावर मजुरांचे पाल होते. ते पेरणीसाठी दोनच दिवसांपूर्वी आपल्या गावी गेले होते. जेथे दादांची खाट यावयाची, तेथे कमरेइतका चिखल व दगड पडले होते. ते पाहून मला बोलवेना. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसे गेली. वर्तमानपत्रातील ती वार्ता मी हळहळून वाचली होती. परंतु तिचा माझ्या पाटीवरील हिशेबाशी काही संबंध असेल, असे मनात आले नव्हते.

कारण साधे होते. वर माती व मुरूम, खाली कातळ. पाऊस मुरमात झिरपतो, कातळास अडतो, आणि त्यावरून खाली उतरू लागतो. मी त्याच्या वाटेत बिनभोकाची भिंत उभी केली होती. भिंत मातीच्या भारापेक्षा अडलेल्या पाण्याच्या रेट्याने पडली.

मग सारे नव्याने मांडले. घराच्या वर आडवा चर खणून पाणी बाजूच्या ओघळीत सोडले. घर दोन पातळ्यांचे केले: दादांची खोली, न्हाणी व देवघर वाटेच्या पातळीस, स्वयंपाकघर मागे ५ फूट उंच जोत्यावर. त्यामुळे एका उंच भिंतीऐवजी मागे ५ फुटांची भिंत पुरली. ती डोंगराकडे किंचित कललेली, तिच्या पाठीशी दगडगोट्यांचा भराव आणि तळाशी पाणी निघण्यास भोके. वाटेच्या डोंगराकडील कडेसही गटार काढले.

वास्तुशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत भूमीच्या उतारास 'प्लव' म्हणतात. प्लु धातूचा अर्थ तरंगणे, वाहणे. हा धातू मी वर्षानुवर्षे वर्गात चालविला. पण उतार म्हणजे पाण्याची वाट, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे, ते भिंत पडेपर्यंत मला उमगले नाही. वहिनींस संस्कृत येत नाही. परंतु मोरी ज्या हातांनी धुतली त्यांस ते ठाऊक होते.

म्हणून डोंगरावर घर बांधू इच्छिणाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंती, की जागा वैशाखात पाहून आराखडा करू नये. आषाढात छत्री घेऊन तासभर तेथे उभे राहावे, पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहावे. आणि घरातील बायकामाणसांस बरोबर न्यावे.