मॅकिनी फॉल्स: शहरातला रानमुक्काम

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या आग्नेय भागात मॅकिनी फॉल्स हे स्टेट पार्क आहे. १९७६ साली ते लोकांसाठी खुले झाले. अनियन क्रीक आणि विल्यमसन क्रीक हे ओढे इथे मिळतात. धबधबे फारसे उंच नाहीत; खरी श्रीमंती कातळात आहे. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यात उसळलेल्या पायलट नॉब ज्वालामुखीची राख आजही चुनखडीच्या थरांलगत सापडते. ओढ्याकाठचा ‘ओल्ड बाल्डी’ हा सायप्रस वृक्ष तर सुमारे ५०० वर्षांचा. मुक्कामाच्या जागांवर वीज, पाणी आणि शेकोटीचे कडे असते. कोरड्या दिवसांत मात्र शेकोटी पेटवण्यावर बंदी लागू होऊ शकते. अनियन क्रीकला २०१३ आणि २०१५ मध्ये मोठे पूर आले. म्हणून पावसाचा अंदाज पाहूनच तंबू ठोकावा आणि ओढा चढला असेल तर पाण्यात पाय घालू नये.