सावल्यांची रांग

१३ जानेवारी, सोमवार. लंडन

सुट्टीनंतरचा बॅलेचा पहिला क्लास. ठाण्यात रोज सकाळी गॅलरीचा कठडा धरून व्यायाम करत होते, पण आज पाय ताणायच्या पहिल्या व्यायामाला, तांद्यूलाच कळलं की ती नुसती मनाची समजूत होती. लादीवर उड्या मारता येत नाहीत, त्यामुळे पोटऱ्या सगळं विसरून बसल्यात.

दुपारी दौऱ्याची यादी लागली. आमचं तिसरं वर्ष शेवटचं, आणि त्याचा उत्तरार्ध म्हणजे दौरा. एप्रिलपासून लहान गावांतली थिएटरं, एक बस, एक व्हॅन आणि हमाल म्हणून आम्हीच. यादीचे दोन भाग असतात: कोण काय नाचणार आणि कोण काय वाहणार. मी 'ला बायादेर' या बॅलेतल्या सावल्यांच्या रांगेत चौथी, शिवाय एका आधुनिक नाचात जोडीने. वाहण्याच्या यादीत माझ्याकडे कपडेपट आला. माझ्या खोलीतल्या ओसाकाच्या मैत्रिणीकडे जमीन आहे. म्हणजे खरोखरच जमीन: नाचायच्या व्हिनाइलच्या गुंडाळ्या, प्रत्येकीला दोन माणसं लागतात. ती माझ्या खांद्याइतकी. यादी करणाऱ्यांना विनोदबुद्धी आहे.

त्यातली नायिका निकिया मी होणार नाही हे मला नोव्हेंबरातच दिसत होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग मागेच उभी राहणार का?" तिला कसं सांगू, सावल्यांच्या अंकात मागेच सगळं आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

'ला बायादेर' मारियुस पेतिपाने १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलं. संगीत मिंकुसचं. गोष्ट भारतातली, पण तो भारत पीटर्सबर्गमध्येच शिवलेला. मंदिरातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजकन्या गमझाती, टोपलीतल्या फुलांत लपवलेला साप. निकिया मरते, सोलोर अफू ओढतो आणि त्याला तिच्या सावल्या दिसू लागतात. पांढरे टुटू घातलेल्या मुली डोंगरउतारावरून एकेक करून खाली येतात. मोठ्या कंपन्यांत बत्तीस, कुठे चोवीस. आम्ही बारा, आणि तो उतार व्हॅनमध्ये मावत नाही म्हणून सपाट रंगमंचावर विंगेतूनच येणार.

करायचं एवढंच: एका पायावर तोल, दुसरा मागे उचललेला, धड पुढे झुकतं, म्हणजे अरेबेस्क. मग सावरायचं, हात वर नेत पाठ मागे वाकवायची, दोन पावलं चालायचं. पुन्हा तेच. जी सर्वांत आधी येते तिला ते सर्वांत जास्त वेळा करावं लागतं. एकदा करायला सांगितलं तर पहिल्या वर्षाची कुठलीही मुलगी करून दाखवेल. पण संथ लयीत, पुन्हा पुन्हा, पुढचीचा आणि आपला पाय एकाच उंचीवर ठेवून? दहाव्याला उभ्या पायाचा घोटा शिवणयंत्रासारखा थरथरतो.

रिहर्सलच्या बाईंनी आरशावर पडदा ओढला. आरशात प्रत्येक जण स्वतःला बघतो, म्हणाल्या. पुढचीच्या कानाकडे बघायचं आणि मागचीचा श्वास ऐकायचा. तेव्हापासून आम्ही एकमेकींना नावाने हाक मारतच नाही. माझी पुढची ग्लासगोची, माझी मागची साओ पावलोची.

२५ जानेवारी, शनिवार

अख्खी दुपार शूज शिवण्यात गेली.

घरी सगळ्यांना वाटतं पॉईंट शूजच्या टोकात लाकूड असतं. नसतं. कापड, कागद, पुठ्ठा आणि खळ यांचे थर, वरून साटीन. तळव्याखाली एक ताठ पट्टी. फ्रीड ही इथली जुनी कंपनी, १९२९ पासूनची. त्यांचे शूज आजही हातानेच घडतात आणि तळाला कारागिराची खूण उमटवलेली असते. नर्तकी कंपनीला नाही, त्या खुणेला चिकटून राहतात. माझ्या कारागिराला मी कधी पाहिलेलं नाही, पण माझ्या अंगठ्याच्या हाडाची माहिती आईनंतर त्यालाच.

नवीन जोडी घरी आली की तिची मोडतोड सुरू. फिती आणि इलॅस्टिक शिवायचं, ताठ पट्टी टाचेकडून कापायची, तळ सुरीने खरवडायचा म्हणजे घसरत नाही, टोकाभोवती जाड दोऱ्याने विणायचं, मग दाराच्या फटीत दाबून ते नरम करायचं. एवढं करून वापरावी तर घामाने खळ विरघळते आणि शूज मरतात. मरतात असंच म्हणतो आम्ही. व्यावसायिक नर्तकीची एका 'स्वान लेक'मध्ये एक जोडी सहज जाते. आमच्यासारख्या स्वतःच्या खिशातून घेणाऱ्या मुली आत शेलॅक ओतून त्यांना आणखी चार दिवस जगवतात.

साटीन दिव्यात चमकू नये म्हणून वरून कॅलामाइन लावतात. लहानपणी घामोळ्यांवर आजी लावायची तेच. खोलीभर मे महिन्याचा वास.

२ फेब्रुवारी, रविवार

आजीला व्हिडिओ कॉलवर रिहर्सलचा तुकडा दाखवला. तिने चष्मा लावून शांतपणे पाहिला. "पावली खेळतायत की गं," म्हणाली. दिंडीतली पावली तिने आळंदीला खूप पाहिली आहे. एकीने चुकवली की सगळी ओळ बिघडते, हेही तिनेच पुढे सांगितलं. बाई तीन आठवडे जे सांगतायत ते आजीने एका वाक्यात संपवलं. मग विचारलं, "पण देवळातली बाई आणि असा फ्रॉक?"

संध्याकाळी स्ट्रँडवरून चालत येताना अडेल्फी थिएटरसमोर थांबले. इमारत १९३० ची, पण याच जागेवरच्या आधीच्या थिएटरात १८३८ साली पाँडिचेरीजवळच्या खऱ्या देवदासी नाचून गेल्या. त्याआधी त्या पॅरिसला होत्या. त्यांच्यातल्या अम्मानीवर तेओफिल गोत्ये हा लेखक इतका लुब्ध झाला की भरभरून लिहिलं. तीन वर्षांनी त्याच गोत्येने 'जिझेल'च्या कथेला हात लावला आणि १८५८ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी 'शाकुंतल'वर बॅले लिहिलं. ते बसवलं ल्युसियां पेतिपाने. त्याचा धाकटा भाऊ मारियुस, आमच्या सावल्यांचा जनक.

अम्मानी आली, लोकांनी डोळे भरून पाहिलं, आणि पुढची कित्येक दशकं तिच्या नाचातलं एकही पाऊल न घेता तिच्यावर बॅले रचली गेली. मला याचा राग येतो का? रस्त्यावर उभी असताना आला. पण तालमीत मिंकुसच्या पहिल्या सुराला तो जातो, आणि तो जातो याचंही मला काही वाईट वाटत नाही. सापाची टोपली आणि फकिरांचा धुमाकूळ मात्र मला नाचायला सांगितला असता तर मी भांडले असते. सावल्यांच्या अंकात भारत उरतच नाही, फक्त भूमिती उरते. त्यामुळेच तो टिकला असावा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑडिशनचा मोसम. निम्मा वर्ग युरोपात. छातीवर क्रमांक टाचायचा, बार, म्हणजे कठड्याचा व्यायाम, करायचा, आणि बारनंतरच निम्म्यांना धन्यवाद. कधी कधी तुमचा नाच कोणी बघायच्या आतच तुमची उंची बघून होते, कारण त्यांना रांगेत एकच रिकामी जागा भरायची असते आणि ती जागा ठरावीक उंचीची असते.

माझी अडचण त्याच्याही आधीची. बोलावणं येतं आठवडाभर आधी, शेंगेन व्हिसाची भेट मिळते महिन्याने. ब्रेक्झिटनंतर इथल्या मुलींनाही तिकडे नोकरीसाठी परवाना लागतो, म्हणून आता त्या माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त सहानुभूतीने बोलतात. व्हिडिओ पाठवत राहते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

माझी पुढची गेली. म्हणजे ग्लासगोला नाही, बाकावर. पायाच्या दुसऱ्या लांब हाडाला ताणाची चीर. बॅलेच्या मुलींचं हे ठरलेलं हाड. पॉईंटवर उभं राहिलं की बराच भार तिथून जातो. दोन महिने ती दुखणं बर्फात घालून येत होती, बोलली कोणालाच नाही. आपण सगळ्याच असं करतो आणि दुसरीने केलं की तिला वेडी म्हणतो.

तिची जागा भरायची म्हणजे एकीला पुढे सरकवून भागत नाही. उंची, वळणं, जोड्या, सगळंच हललं. मी दुसऱ्या रांगेतून पलीकडच्या बाजूला गेले, आणि तिकडे अर्धे तुकडे आरशातल्यासारखे उलटे. डाव्या पायावर मुरलेलं उजव्यावर आणायचं. डोक्याला लगेच समजलं, खुब्याला अजून नाही. रात्री बसस्टॉपवर उभ्याउभ्या उलट्या बाजूने मोजत होते, शेजारच्या आजोबांनी काळजीने पाहिलं.

आता माझी पुढची ओसाकाची. तिचा कान अगदी लहान आहे, नजर लावायला त्रास होतो.

३ मार्च, सोमवार

पूर्ण कार्यक्रम पहिल्यांदा सलग. वाईट. लिहिण्यासारखं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कपडेपटाच्या बाईंनी विचारलं, सावल्यांसाठी तुझे टाइट्स कुठल्या रंगाचे? पूर्वी हा प्रश्नच नसायचा, सगळ्यांना गुलाबी. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने १९७४ मध्येच प्रत्येकीच्या कातडीच्या रंगाचे टाइट्स आणि शूज सुरू केले. इकडे, लंडनच्या बॅले ब्लॅक कंपनीबरोबर फ्रीडने तपकिरी पॉईंट शूज बाजारात आणायला २०१८ उजाडलं. तोवर मुली स्पंजने फाउंडेशन थापत होत्या.

गंमत बघा. भारतातल्या मेलेल्या नर्तकीच्या बारा सावल्या, त्यांत भारतातली एक, आणि प्रश्न तिच्या रंगाचा. मी दोन्ही घालून पाहिलं आणि मैत्रिणीला फोनवर चित्रित करायला सांगितलं. गुलाबी टाइट्समध्ये माझा पाय कमरेपाशी तुटतो. वर एक मुलगी, खाली दुसरीच. तपकिरीमध्ये बोटाच्या टोकापासून पायाच्या टोकापर्यंत एकच रेघ. रांगेच्या एकसारखेपणाचं काय, असं एका मुलीने विचारलं, तेही वाकड्यात नव्हे. बाईंनीच उत्तर दिलं: एकसारखी असावी ती वेळ आणि दिशा.

माझ्याकडे साठवलेले सगळे शूज गुलाबी आहेत. धुळवडीच्या दिवशी वर्तमानपत्र पसरून तपकिरी रंगात हात माखून बसले. आईला फोटो पाठवला. तिने विचारलं, "रंग निघतो ना?"

३० मार्च, रविवार

आज पाडवा, आणि आजच इथली घड्याळं एक तास पुढे गेली. घराशी साडेपाच तासांचा फरक साडेचारवर आला. आईची गुढी बघायला म्हणून उठले तर तिचा स्वयंपाकही आटोपला होता. खोलीत खिचडीच केली, वर श्रीखंडाच्या नावाने दही-साखर.

दुपारी व्हॅन भरली. टुटू उभे टांगायचे नाहीत, जाळी बसते; उलटे किंवा गोल पिशव्यांत आडवे. एकेका चोळीच्या आत पट्टीवर आधी घातलेल्या मुलींची नावं, एकाखाली एक, खोडलेली. मागे हुकांच्या तीन ओळी, कारण टुटू माणसापेक्षा जास्त जगतो. तो धुतात कुठे? धूतच नाहीत. काखेत व्होडका आणि पाण्याचा फवारा मारून वाळवतात. वास मरतो, डाग पडत नाही. हे आजीला सांगितलं आणि पस्तावले. आता ती सगळ्या इमारतीला सांगणार.

३ एप्रिल, गुरुवार. बरी सेंट एडमंड्स

थिएटर रॉयल, १८१९ चं. वास्तुकार विल्यम विल्किन्स, ज्याने पुढे लंडनची नॅशनल गॅलरी बांधली. १९२५ मध्ये थिएटर बंद पडलं आणि पुढची चाळीस वर्षं गावातल्या ग्रीन किंग या मद्यकंपनीने इथे पिंपं ठेवली. त्यामुळे वाचलं, असं माझं मत. रिकामं ठेवलं असतं तर कुणीतरी पाडलं असतं. बॉक्स इतके जवळ की पहिल्या बॉक्समध्ये बसलेल्या माणसाला आमच्या घोट्यांची थरथर दिसेल.

सकाळी आठला उतरवणं सुरू. आधी जमीन. गुंडाळ्या उलगडून थोडा वेळ पसरू द्यायच्या, मग सांध्यांवर टेप. ओसाकाने आपल्या बाजूची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि पलीकडचा सहा फुटी मुलगा मागे अडखळत आला. मी खाली तळघरात इस्त्री आणि हुक.

दुपारी जागा बसवणं. शाळेच्या स्टुडिओत आम्ही बारा जणी ऐसपैस मावत होतो, इथे पाय मागे उचलला की मागचीच्या नाकाला लागतो. बाईंनी रांगेचं वळण आखूड केलं आणि पाऊल प्रत्येकी वीतभर कमी. महिनोन्‌महिने मुरलेलं अंतर एका तासात पुसायचं. जुन्या थिएटरांत उताराचे रंगमंच मिळतील, हेही आत्ताच सांगून ठेवलं. प्रेक्षकांना मागचं दिसावं म्हणून तसे बांधत. पॅरिसच्या पाले गार्निएचा मंच आजही पाच टक्के उतरता, आणि तिथे नर्तकांच्या सरावाचं दालनही तेवढंच उतरतं केलंय. आम्हाला ती सोय नाही. जाऊ तिथे शिकू.

४ एप्रिल, शुक्रवार

पहिला प्रयोग झाला. विंगेत बारा जणी एकामागे एक, पियानोची सुरुवात, आणि माझ्या पुढचीचा तो लहानसा कान. त्यानंतरचं नीट आठवत नाही; घोटा थरथरला का तेही नाही. रांग बाहेरून कशी दिसली हे कळायचा मला कधीच मार्ग नसणार. ग्लासगोची दुखऱ्या पायाला आधाराचा बूट घालून प्रेक्षागृहात बसली होती, तिला विचारलं. म्हणाली, "तुला शोधायला वेळ लागला." मी तिला मिठी मारली.

नंतर बाईंच्या सूचना. मला: पाचव्या अरेबेस्कला हनुवटी वर, प्रकाश शोधू नकोस. साओ पावलोला: श्वास ऐकू येतोय, छान. आधुनिक नाचाबद्दल कोणीच काही बोललं नाही, आणि तिथे मी खरोखर बरी नाचले होते.

मग टेप सोलणं, गुंडाळ्या, व्होडकाचा फवारा, हातांवरच्या जाळीच्या पट्ट्या मोजणं. एक कमी होती, इस्त्रीच्या टेबलाखाली सापडली. बस अकराला.

उद्यासाठी रंगवलेली एकच जोडी उरलीय आणि तिची पट्टी मऊ पडलीय. फाउंडेशनची बाटली तळाशी आली. पुढच्या गावात औषधांचं मोठं दुकान आहे का, ते ड्रायव्हरकाकांना विचारते.