नाचावं की नाही?

हॉस्टेलच्या आमच्या खोलीत एकच ब्लूटूथ स्पीकर होता आणि तो माझा होता. त्यामुळे गाणीही माझीच. २०१९च्या पावसाळ्यात मला 'कंदिसा'चं वेड लागलं होतं. 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बॅंडचा २००० साली आलेला हा अल्बम. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासचा.

यात कशात काय मिसळलंय, ते सांगायला गेलं तर यादीच होईल. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांचं जुन्या अरामाइक भाषेतलं स्तोत्र. 'हिल्ले ले' ही गोरख पांडेंची कविता. सुस्मित सेनची गिटार मधेच सतारीसारखी वळते. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गातो. अमित किलम ड्रम्स तर वाजवतोच, शिवाय गाबगुबी नावाचं एक वाद्यही. कातडं ताणलेल्या भांड्यातून तार काढायची, ती हाताने ताणायची आणि छेडायची. आवाज असा येतो, की माणूस गालात हसतोच. आणि राहुल रामचा बेस. तो सुरू झाला की पाय जागेवर राहत नाहीत.

माझं सगळ्यात लाडकं गाणं 'मा रेवा'. कोणाचा वाढदिवस असो की पेपर संपलेले असोत, मी ते लावायचो आणि आम्ही चार-पाच जण कॉटवर उभे राहून नाचायचो. रूममेट नाचायचा नाही. तो मुळातच कमी बोलायचा. धडगावकडचा, पावरा. मला वाटायचं, लाजतो.

सप्टेंबरमध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण भरलं. १३८.६८ मीटर. तो मोबाइलवर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. मी सहज म्हणालो, "भारी दिसतंय रे."

"आमचं गाव खाली आहे," तो म्हणाला.

महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणाच्या बुडितात आली. हे मला तोवर माहीतच नव्हतं. नर्मदा म्हणजे गुजरात आणि मध्य प्रदेश, एवढाच माझा भूगोल. त्याच्या घरचे आता तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहत होते. तो तिथेच वाढला.

त्या रात्री मी वाचत बसलो. 'मा रेवा' हे नर्मदाकाठचं लोकगीत. रेवा म्हणजे नर्मदाच. राहुल राम हा कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी करून आलेला माणूस, नर्मदा बचाओ आंदोलनात होता. गाणं त्याला तिथे मिळालं. अल्बम आला २०००मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. आणि मी त्या नदीच्या गाण्यावर कॉटवर उड्या मारत होतो, तीही त्याच्यासमोर.

मी ते गाणं लावणं बंद केलं. काही बोललो नाही. माफी मागायची, तर नेमकी कशाची, तेच कळत नव्हतं.

दोनेक आठवड्यांनी त्यानेच विचारलं, "ते नदीवालं गाणं का लावत नाहीस?"

मी अडखळत सांगितलं. तो हसायला लागला.

"अरे, बाबा सभेला जायचे तेव्हा लोक नाचायचेच की. मोर्चात ढोल असायचा. रडत बसून कोण वीस वर्षं लढतं?"

"मग तू का नाचायचा नाहीस?"

"तुम्ही लय वाईट नाचता," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "आणि मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल. माहीत असून कोणी काहीच विचारत नाही, असं वाटायचं."

याच्यावर मला काही सुचलं नाही. आजही सुचत नाही.

मग त्याने घरी फोन लावला, स्पीकरजवळ धरला आणि मला मान हलवून खूण केली. मी 'मा रेवा' लावलं. गाणं संपेपर्यंत पलीकडून काही आवाज आला नाही. फोन कट झाला की काय, म्हणून मी स्क्रीन बघितली. मग त्याचे बाबा पावरीत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, पोरं चांगली गातात. पण चाल जरा पळवलीय." त्याने परत फोन कानाला लावला, ऐकलं. "आणि म्हणतात, परत एकदा लाव."