सोल्यांचा आवाज

पौषातली दुपार कलली की आमच्या रिसोडकडच्या घराच्या ओट्यावर एक आवाज सुरू होतो. तुरीची हिरवी शेंग अंगठ्याच्या नखाखाली चट्‌कन उकलते आणि सोले जर्मनच्या गंजात पडतात. आधी रिकाम्या बुडावर टणटणीत, मग सोल्यांवर सोले पडू लागले की मऊ, जडसा, कान दिला तरच ऐकू येणारा. सोयाबीन कधीच निघून गेलेलं असतं, काळ्या रानात तुरीची तासं तेवढी उभी असतात, आणि वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी त्या दिवसांत गेलात तर ओट्याओट्यावर बाया हेच करत बसलेल्या दिसतील. संध्याकाळी सोल्यांची भाजी, गरम भाकर. उन्हाची तिरीप ओट्याच्या कडेवरून हळूहळू सरकत अंगणात उतरते, आणि तिच्याबरोबर सालींचा हिरवा, किंचित तुरट वास.

त्या साऱ्या आवाजांतून माझ्या ताईच्या सोलण्याचा आवाज मला डोळे मिटूनही ओळखू यायचा. ती शेंगेकडे कधी बघायचीच नाही. तोंडानं शाळेतल्या पोरांच्या गोष्टी चालू, नजर रस्त्यावर, आणि हात आपले चालत असायचे, एका लयीत, न थांबता. जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर बाराखडी काढतानाही तिचा हात असाच चालायचा. माणसाचा हात त्याच्या माघारी इतकं सगळं करत असतो, हे हात चालतो आहे तोवर कुणाच्या ध्यानात येतं?

आजारानं आधी ताईचा डोळा धरला. एका डोळ्यानं धुरकट दिसू लागलं, डोळा फिरवला की आतून दुखायचं, कुंकवाचा लाल रंग विटका दिसायचा. ते काही आठवड्यांनी निवळलं आणि आम्ही सुटलो म्हणालो. मग उजव्या बोटांना मुंग्या, मागोमाग बधिरता. वर्गात खडू हातातून सुटायचा, आणि सुटला हे तिला तो फरशीवर पडल्याच्या आवाजानं कळायचं. अकोल्याला एमआरआय झाला, मेंदूत पांढरे ठिपके दिसले, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आमच्या घरात राहायला आलं.

पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. शरीराची स्वतःचीच फौज मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. विहिरीवरच्या मोटारीची केबल जागोजागी सोलली जावी, तसा निरोप वाटेत गळतो, उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. इंग्लंडची थोर चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे हिच्या बोटांना तारा कळेनाशा झाल्या, आणि १९७३ साली, अवघ्या २८ व्या वर्षी, तिला हेच निदान ऐकावं लागलं. मी तिच्याविषयी वाचलं तेव्हा मला ताईचा खडू आठवला. हाताला फक्त ताकद लागत नाही. हाताला कळावंही लागतं.

त्या कळण्याचाच व्यायाम पुढं सुरू झाला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मनगटाला बांधायचं वजन दिलं, ताणायचा रबरी पट्टा दिला, ओला टॉवेल पिळायला लावला, कणकेचा गोळा दाबायला लावला. पण माझ्या मनात राहिली ती तुरीच्या डाळीची परात. डाळीत तळाशी सुपारी, हळकुंड, शर्टाचं बटण आणि एक रुपया पुरून ठेवायचा. डोळे मिटायचे, हात आत घालायचा, आणि बोटांनी ओळखून मागितलेली वस्तू बाहेर काढायची. सुपारी लवकर सापडे. हळकुंडही त्याच्या गाठींवरून लागे. बटण आणि नाणं मात्र तिला वेगळं कळायचं नाही. ती अंगठा बटणावर परत परत फिरवायची, मधली भोकं शोधायची, कपाळावर आठी यायची. डाळ बोटांमधून सरसर वाहायची, थांबायची, पुन्हा वाहायची. एके दिवशी, डोळे मिटलेलेच असताना, ती बारीक आवाजात म्हणाली, “बटण हाय.” तिनं हात वर काढला तर बटणच होतं.

तपासणीला गेलं की नऊ भोकांची एक पाटी समोर ठेवत. नऊ खुंट्या एकेक करून बसवायच्या, एकेक करून काढायच्या, आणि घड्याळ लावून सेकंद मोजायचे. जगभर या आजारात हाताची चाल अशीच मोजतात. आम्ही घरी काहीच मोजलं नाही. घरी पौष आला, शेतातून शेंगांचं टोपलं आलं, आणि ताई ओट्यावर येऊन बसली.

आईच्यानं ते बघवेना. “राहू दे वं बाई, मी सोलतो,” म्हणून ती शेंगा स्वतःकडे ओढायची. माया होती ती, दुसरं काय. पण त्या मायेनं ताईच्या हातातून आधी भाकर गेली होती, मग चहाचा कप, मग वेणी. ताईनं टोपल्याला दोन्ही हात घातले. “मले सोलू दे, आई. थांबलं त हात इसरून जाईन.”

खरंच ते. तरी या आजारात बराच काळ डॉक्टरही विश्रांतीच सांगत असत, कारण श्रमानं अंग तापलं की लक्षणं बळावतात; श्रमानंतर नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मनीच्या उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. दुबळ्या झालेल्या नसेला थोडीशी उष्णताही सोसत नाही. पण अंग निवलं की हात पूर्वपदावर येतो, त्यानं आजार वाढत नाही. पुढं १९९६ साली अमेरिकेतल्या यूटामध्ये झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५४ रुग्ण होते. त्यांच्यातल्या एका गटानं १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातांनी आणि पायांनी चालवायच्या सायकलीवर व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, मनही हलकं झालं. तेव्हापासून वारं फिरलं.

आमच्याकडे मात्र हे सगळं उन्हाशी जमवून घ्यावं लागतं. जागतिक एमएस दिवस ३० मे रोजी असतो, म्हणजे ऐन नवतपात, वऱ्हाड भट्टीवर असताना. त्या दिवसांत ताई पहाटेच हाताला कामाला लावते, कूलरसमोर, मानेवर ओला पंचा टाकून. अंगात थकवा भरला की थांबते. थांबणं हाही तिच्या व्यायामाचाच भाग आहे, आणि तो शिकणं तिला जास्त जड गेलं.

आता तिच्या सोलण्याचा आवाज वेगळा आहे. शेंग उकलते, मग मोठा खंड, मग सोले पडतात; एखादा बाहेर उडतो. ती शेंगेकडे बघूनच सोलते. पूर्वीची लय आली नाही, येणारही नाही कदाचित. व्यायामानं आजार बरा होत नाही, औषधं चालूच आहेत. पण जे शाबूत आहे त्याला वाट सापडते, आणि मला विचाराल तर तो खंड ऐकत तिच्याजवळ बसण्यात जे सुख आहे ते पूर्वीच्या वेगात नव्हतं.

१९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात या आजाराचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आलं, त्यामुळं आता प्रमाणपत्राला अर्ज करता येतो. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांसाठी काम करते आहे. खेड्यातल्या बाईपर्यंत हे पोचायला हवं. तुमच्या घरात कुणाच्या एका डोळ्याला अचानक धुरकट दिसू लागलं, कुणाच्या हातातून वस्तू निसटू लागल्या, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आजाराचं नाव कळल्यावर त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. वेळ लागेल, सांडेल, लागू द्या, सांडू द्या.