शिवता येतं ते सगळं शिवायचं नसतं

फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये तेरा हजार फुटांवरून उडी मारली, तीही नऊवारी नेसून. पेपरात फोटो आला, सगळीकडे कौतुक झालं. आमच्या अब्बांनी चष्मा लावून फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "पदर कुठं खोचलाय?"

प्रश्न टेलरचा होता, पण नेमका होता. माणूस ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत असतो. फडफडणारं कापड पॅराशूटच्या हँडलवर आलं तर हाताला हँडल सापडत नाही. अंगावर काहीही घाला, ते पॅराशूटच्या आड येता कामा नये.

पुढं हा विषय आमच्या घरातच आला. माझा भाचा दुबईत नोकरीला आहे, तिथंच तो स्कायडायव्हिंग शिकला. एका ईदला जालन्याला आला तो उडीचा सूट घेऊनच. कादराबादच्या दुकानात नाना-नातू दोन दिवस त्यावर बसले. सैल सूट हवा जास्त अडवतो, माणूस हळू पडतो. भाचा अंगानं हलका, म्हणून सूट घट्ट हवा. अब्बांनी बाह्या आत घेतल्या, गुडघ्यांना दुहेरी कापड लावलं. हवेत सोबत्यांना धरता यावं म्हणून दंडावर आणि मांडीवर कापडाच्या जाड नळ्या शिवल्या. काम झकास झालं.

मग भाच्यानं सेकंडहँड घेतलेली पॅराशूटची बॅग काढली. हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्याची कड विसविसली होती. "नाना, इथं एक ठिगळ मारा ना."

अब्बांनी पट्टा उलटापालटा करून बघितला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये मेरे हात का काम नै."

भाचा म्हणाला, रिगरकडे दिलं तर पैसे जातील, उड्यांचे दिवसही जातील. अब्बांनी त्याला समजावलं. पट्ट्याची ताकद विणीत असते. सुई जिथं जाईल तिथले धागे दुखावतात. ठिगळ वरून छान दिसेल, पण आतला पट्टा किती उरला हे कुणालाच दिसणार नाही. पॅराशूट उघडताना जो हिसका बसतो तो याच पट्ट्यांवर येतो. त्याचा दोरा वेगळा, मशीन वेगळं, टाक्यांची रचनाही ठरलेली.

रिगर म्हणजे पॅराशूट तपासणारा, दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर. प्रत्येक बॅगेत दोन पॅराशूट असतात. मुख्य पॅराशूटची घडी उडी मारणारा स्वतः घालू शकतो. राखीव पॅराशूट मात्र रिगरच्याच हातचं. अमेरिकेत ते एकदाही वापरलं नसलं तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं.

याचा अर्थ घरगुती डोकं चालवूच नये असा नाही. बिल बूथ या अमेरिकन माणसानं सत्तरच्या दशकात तीन कड्यांची एक युक्ती काढली. एकात एक अडकलेली कडी भार टप्प्याटप्प्यानं कमी करतात, शेवटी तो एका छोट्या दोरीच्या फाशावर येतो. मुख्य पॅराशूट बिघडलं तर एका ओढीत ते सुटतं आणि राखीव उघडायला मोकळीक मिळते. आज जगभर हीच पद्धत चालते.

दुसरं उदाहरण एका टेलरचंच. फ्रान्झ राइशेल्ट पॅरिसमध्ये कपडे शिवायचा. त्यानं अंगात घालायचं पॅराशूट शिवलं. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी आयफेल टॉवरवरून पुतळा टाकून चाचणी घेण्याची परवानगी मिळाली होती. त्यानं पुतळ्याऐवजी स्वतःच उडी मारली. पॅराशूट उघडलं नाही, तो जागीच गेला. त्याचा हात शिवणकामात कच्चा नव्हता. आधी पुतळा पडू द्यायचा, एवढा धीर त्याला धरवला नाही.

जालन्यात आपण जुगाडावर जगतो. पंपाला सायकलची ट्यूब बांधतो, मोटारसायकलच्या मागं गाडा जोडतो. बिघडलं तर रस्त्याच्या कडेला थांबता येतं. उंचीवर अशी कड नसते.

आकाशातून उडी मारणारा आपल्यात एखादाच. पण मोबाइल टॉवरवर, विजेच्या खांबावर, स्टील कारखान्याच्या शेडवर चढणारी पोरं आपल्याच मोहल्ल्यातली आहेत. त्यांच्या कमरेचे, खांद्याचे पट्टे झिजले की ठेकेदार सांगतो, "जा, शिवून आण." पन्नास रुपयांत काम होतं. सेफ्टी बेल्टचा नियम मात्र साफ आहे: पट्टा फाटला, विसविसला की तो वापरातून काढायचा. असा पट्टा दुकानात आला तर टेलरनं, मोच्यानं तो हातात घेऊन परत द्यावा. नवा पट्टा ठेकेदारानं आणायचा आहे. पन्नास रुपये बुडतील. पण कुणाचा तरी जीव म्हणजे अमानत आहे, आणि अमानतीला ठिगळ लावत नाहीत.